युरेनियम सिटी: गाव मेलं की मारलं?

उणे_चाळीस | सोमवार, २१:४०

नमस्कार मंडळी. मी सहा वर्षांपासून सास्काटूनला असतो. माती-पाण्याचे नमुने गोळा करायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायचे, हा आपला पोटापाण्याचा उद्योग. त्यापायी सप्टेंबरात चार दिवस युरेनियम सिटीला जाऊन आलो. नाव ऐकून दबून जाऊ नका. या 'सिटी'ची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत ९१ होती. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात बारशाला याहून जास्त पानं उठली असतील.

सास्काचेवान प्रांताच्या पार वायव्य कोपऱ्यात, अथाबास्का तलावाच्या उत्तरेला हे गाव आहे. बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात तलाव गोठला की बर्फावरून रस्ता करतात, एरवी छोटं विमान. ते स्टोनी रॅपिड्स, फाँ-दु-लाक असं एसटीसारखं थांबत थांबत जातं.

गावात पहिल्या दिवशी फिरताना सिमेंटच्या तीन पायऱ्या दिसल्या. चढून गेलो तर पुढे घरच नाही. खाली तळघराचा चौकोनी खड्डा आणि त्यात माझ्या दुप्पट उंचीची बर्चची झाडं. पिवळी पानं पडून खड्डा निम्मा भरलेला. अशा पायऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, ओळीने. मध्येच एखादं जितंजागतं घर: धुराडं चालू, दारात चारचाकी मोटरबाईक, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. पुढे मोठी पडकी शाळा. तिचं नाव कॅन्डू हायस्कूल! कॅनडाच्या अणुभट्टीचं नाव शाळेला दिलेलं.

थोडक्यात इतिहास असा. १९३० च्या दशकात इथे सोनं शोधायला लोक आले. तलावाकाठी गोल्डफील्ड्स नावाचं गाव वसलं, तिथली बॉक्स खाण १९४२ मध्ये बंद पडली. सोनं शोधतानाच काळा, जड पिचब्लेंड (युरेनियमचं खनिज) दगड सापडला होता, पण तेव्हा त्याला विचारतो कोण. मग आला बाँब. कॅनडा सरकारने १९४४ मध्ये एल्डोराडो कंपनी ताब्यात घेतली आणि युरेनियम शोधायचा मक्ता स्वतःकडे ठेवला. युद्धानंतर खासगी लोकांना मोकळीक मिळाली आणि किरणोत्सर्ग मोजणारे गायगर काउंटर घेऊन झुंडी आल्या. १९५२ मध्ये युरेनियम सिटी वसवली, १९५३ पासून एल्डोराडोची बीव्हरलॉज खाण नि दगड दळायची गिरणी सुरू झाली, १९५५ पासून तलावाकाठी गनार कंपनीची. त्या काळात बहुतेक माल जायचा अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाला.

३ डिसेंबर १९८१ ला एल्डोराडोने जाहीर केलं की ३० जून १९८२ ला खाण बंद. सरकारी कंपनी, बरं का. अडीच हजारांचं गाव वर्षभरात काहीशेवर आलं. २००३ मध्ये हॉस्पिटल गेलं आणि उरलेसुरले हलले.

मला डाचतंय ते पुढे. युरेनियम संपलं म्हणून गाव उठलं असं म्हणावं, तर त्याच प्रांतात, त्याच तलावाच्या दक्षिणेला आज जगातल्या सर्वांत श्रीमंत युरेनियम खाणी चालू आहेत. धंदा बुडाला नाही, गाव तेवढं बुडालं. मग हे गाव मेलं की मारलं?


वाफाळता_चहा | सोमवार, २२:०५

वाचतेय. खूप रोचक. त्या पायऱ्यांचे फोटो टाका ना.


खडूस_काका | सोमवार, २२:३१

नावातच 'युरेनियम' असलेल्या गावाचं अर्धायुष्य तीस वर्षं भरलं. मूलद्रव्याचं साडेचार अब्ज वर्षं असतं. नगरपालिकेने काहीतरी शिकायला हवं होतं.


चिंधीचोर | सोमवार, २२:३८

'कॅन्डू' हायस्कूल म्हणजे मराठीत 'करून दाखवू विद्यालय'. करून दाखवलं म्हणायचं की!


गावगप्पा | मंगळवार, ०७:५०

हिरोशिमावर पडलेल्या बाँबचं युरेनियम इथलंच ना? मध्ये एका चॅनेलवर पाहिलं होतं.


भूगर्भ | मंगळवार, ०९:१२

गावगप्पा, नाही. हिरोशिमा १९४५ आणि हे गाव १९५२ चं. तुम्ही पाहिलं ते पोर्ट रेडियम असणार. ते आणखी उत्तरेला, ग्रेट बेअर तलावाकाठी. गिल्बर्ट लाबीन याने १९३० मध्ये तिथे पिचब्लेंड शोधलं, तेही रेडियमसाठी. तेव्हा किंमत रेडियमला होती, युरेनियम म्हणजे चोथा. अमेरिकेच्या अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पात तिथला माल गेला, पण मोठा वाटा बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वेचा होता.

तिथली डेने जमातीची माणसं खनिजाची पोती पाठीवर वाहायची. पोत्यात काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नाही. हे दगड कुठे गेले ते पुष्कळ वर्षांनी कळल्यावर त्यांच्यातलीच काही मंडळी १९९८ मध्ये हिरोशिमाला गेली, तिथल्या लोकांना भेटायला.

गंमत म्हणजे गनारची खाण उभी करणाराही हाच लाबीन. आधीची कंपनी सरकारने घेतली, तर गडी दुसरीतून परत आला.


उणे_चाळीस | मंगळवार, ०९:४०

भूगर्भ, धन्यवाद, तुम्ही येणार याची खात्रीच होती. आता हे पण सांगा की उत्तरेकडचं सोडून दक्षिणेकडचं का उचललं? मला ढोबळ माहीत आहे, पण तुमच्याकडून ऐकायचंय.


भूगर्भ | मंगळवार, १३:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चुकभूल द्या.

तलावाच्या उत्तरेला फार जुना, कठीण खडक उघडा पडलेला आहे. त्याच्या भेगांमध्ये युरेनियमच्या शिरा आहेत. एखादी शीर जाड, एखादी नखाएवढी, आणि मागोवा घेत घेत खोल जावं लागतं. बीव्हरलॉजच्या दगडात साधारण ०.२ टक्के माल. म्हणजे एक टन दगड फोडा, वर काढा, दळा, सोड्याच्या द्रावणात शिजवा, तेव्हा दोन किलोच्या आसपास हाती येणार. (त्यांच्या दगडात चुन्याचा अंश, त्यामुळे आम्ल वापरलं तर ते चुनाच खाऊन टाकणार. गनारला मात्र आम्ल चालायचं.)

तलावाच्या दक्षिणेला त्याच जुन्या खडकावर वालुकाश्माचं जाड पांघरूण आहे. हे पांघरूण जिथे खालच्या खडकाला टेकतं त्या सांध्यात युरेनियम गोळा झालंय, आणि कसं, तर गठ्ठ्याने. 'की लेक' नावाचा साठा १९७५ मध्ये सापडला, दोन टक्क्यांच्या पुढे. सिगार लेक दहा टक्क्यांच्याही वर. टनाला दोन किलो एकीकडे आणि शंभर किलो दुसरीकडे. तुम्ही कंपनीत असतात तर काय केलं असतंत?

वर भावाचं. १९७८ च्या सुमारास युरेनियम पौंडाला चाळीस डॉलरच्या वर होतं. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, नव्या भट्ट्यांच्या ऑर्डरी थंडावल्या आणि १९८१ पर्यंत भाव पंचविसाच्या आसपास आला. माझं मत: गाव ना मेलं ना मारलं. वय झालं होतं.


निळावंती | मंगळवार, १४:०२

भूगर्भ, खडकाचं पटलं. पण 'वय झालं होतं' हे जरा सोयीस्कर नाही का? ७० च्या दशकाच्या शेवटी तिथे नवी घरं बांधली जात होती. म्हणजे कंपनी लोकांना सांगत होती की राहा, इथे भविष्य आहे. वय झालेल्या माणसाला कुणी नवी कवळी नि वीस वर्षांचा विमा विकत नाही. (विकतात म्हणा.)

डिसेंबरात सांगितलं आणि जूनमध्ये टाळं. सात महिनेसुद्धा नाहीत. ज्याने नुकतं घर घेतलं असेल त्याचं काय? जिथे रस्ता नाही तिथलं घर विकणार कुणाला?


खडूस_काका | मंगळवार, १४:३०

निळावंतीबाई, ३० जूनला तिकडे शाळेचं वर्ष संपतं. एवढी तरी माणुसकी दाखवली. आमच्याकडे ऐन परीक्षेत बदलीचा कागद यायचा.


मधली_सुट्टी | मंगळवार, १५:१५

१९८२! मंडळी, लक्षात आलं का? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी दोन गावं...


खडूस_काका | मंगळवार, १५:२२

झालं. धाग्याचा गिरणगाव करू नका. त्यासाठी वेगळे चौदा धागे आहेत आणि त्यातल्या अकरांमध्ये मी भांडलोय.


मधली_सुट्टी | मंगळवार, १५:२६

काका, बरं. एवढंच सांगते आणि थांबते. गिरणीची जमीन सोन्याच्या भावाने गेली. युरेनियम सिटीत जमिनीला विचारणारा कुत्रा नाही. मालकाला जागा हवी असणं आणि जागा नकोशी होणं, माणसं दोन्हीकडे उठलीच.


वाफाळता_चहा | मंगळवार, १५:४०

+१ मधली_सुट्टी. आणि फोटो??


तुर्भेकर | मंगळवार, २०:४५

उशिरा आलो, पण विषय जवळचा आहे. अणुशक्तीनगरात वाढलो. वडिलांची सगळी नोकरी तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात झाली. आमच्या घरी 'सायरस' हा शब्द एखाद्या काकांसारखा यायचा: आज सायरसने त्रास दिला, आज सायरस बरा आहे.

सायरसचं पहिलं नाव कॅनडा-इंडिया रिअॅक्टर. करार १९५६ चा, भट्टी सुरू झाली १० जुलै १९६० ला. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं. सुरुवातीच्या इंधनातलं अर्धं कॅनडाचं, अर्धं आपण इथे बनवलेलं. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटाला प्लुटोनियम याच भट्टीतून मिळालं. कॅनडा भडकला, सहकार्य थांबवलं. राजस्थानात रावतभाट्याला कॅन्डू पद्धतीची दुसरी भट्टी त्यांच्या मदतीने उभी राहत होती, ती आपल्या लोकांना स्वतःच पुरी करावी लागली. ३१ डिसेंबर २०१० ला सायरस कायमची बंद झाली. त्या दिवशी वडील जेवले नाहीत असं सांगितलं तर फिल्मी वाटेल. जेवले. पण टीव्ही लावला नाही.

तर चिंधीचोर, तुमच्या 'करून दाखवू'त आपलाही थोडा हात आहे.


गावगप्पा | मंगळवार, २१:०३

म्हणजे पोखरण युरेनियम सिटीच्या युरेनियमवर झालं? जबरदस्त बातमी आहे ही!


तुर्भेकर | मंगळवार, २१:१०

अहो नाही हो! कॅनडाचं युरेनियम म्हणजे युरेनियम सिटीचं असं कुणी सांगितलं? त्या काळात ऑन्टारिओतलं एलियट लेक त्यांच्याहून कितीतरी मोठं होतं. हे कृपया पुढे ढकलू नका. उद्या माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर गुलाबाच्या फोटोसकट परत येईल.


भूगर्भ | मंगळवार, २१:४८

तुर्भेकरांनी एलियट लेकचं नाव काढलं ते बरं झालं. निळावंतीला उत्तर द्यायला ते उपयोगी आहे.

युरेनियम सिटीला पहिला धक्का १९८१ मध्ये नव्हे, १९५९ मध्येच बसला होता. अमेरिकेने नोव्हेंबर १९५९ मध्ये सांगितलं की चालू करार संपले की पुढची खरेदी नाही. तिथल्याच लोराडो कंपनीची गिरणी १९६० मध्ये बंद, गनार १९६४ पर्यंत खलास. एल्डोराडो एकटी उरली, कारण सरकारी होती. एलियट लेकलाही त्याच वेळी तोच तडाखा बसला. पण नव्वदीच्या दशकात तिथल्या उरलेल्या खाणी बंद झाल्या तेव्हा त्या लोकांनी रिकामी घरं निवृत्त म्हाताऱ्यांना स्वस्तात भाड्याने द्यायची टूम काढली आणि गाव तगलं. का जमलं? डांबरी रस्ता होता, टोरांटोहून गाडीने जाता येतं. युरेनियम सिटीला कोण म्हातारा जाणार, ज्याला दातांच्या डॉक्टरकडे जायलाही विमान लागतं?

मारेकरी शोधताय ना? रस्ता. न बांधलेला रस्ता.


चिंधीचोर | मंगळवार, २२:००

हा प्रतिसाद आमच्या तालुक्याच्या बांधकाम खात्याला लॅमिनेट करून पाठवतो.


रानवाटा | बुधवार, ०८:३०

सगळे कंपनी, भाव, टक्के यावर बोलताहेत. कामगारांच्या छातीचं कुणी बोलेल का? बीव्हरलॉजच्या कामगारांचा आरोग्य-अभ्यास झालेला आहे, १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. खाणीत रेडॉनशी जितका जास्त संबंध, तितका फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त, हे त्यात दिसलं. अणुऊर्जा स्वच्छ म्हणणाऱ्यांनी खाणीपासून मोजायला सुरुवात करावी. विजेच्या बटणापासून नव्हे.


तुर्भेकर | बुधवार, ०९:०५

रानवाटा, अभ्यास खरा आहे, नाकारत नाही. पण हे जुन्या खाणींचं आहे, जेव्हा हवा खेळती ठेवायची अक्कल नि कायदे दोन्ही अपुरे होते. रेडॉन हा वायू, खडकातून झिरपतो. त्याचं स्वतःचं अर्धायुष्य चार दिवसांहून थोडं कमी. खरा त्रास त्याच्या पिल्लावळीचा: विघटनातून तयार होणारे घन कण धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात. जोरात हवा खेळवली की पिल्लावळ जमायच्या आत बाहेर जाते. आज खाणीत दर पाळीला मोजतात. कोळशाच्या खाणीतले मेलेले मोजायला बसलात तर वही पुरणार नाही.


रानवाटा | बुधवार, ०९:२०

'आज मोजतात' हे नेहमीचं आहे. त्या वेळीही कुणीतरी म्हणालं असेलच की आज सगळं ठीक आहे.

आणि खाणीपुरतं नव्हतं ते. खाणीतला टाकाऊ दगड गावात भरावाला वापरला होता. ७० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा घरांमध्ये रेडॉन निघाला. म्हणजे जो माणूस खाणीत कधी गेलाच नाही, त्याच्या बायकापोरांच्या बैठकीत खाण आली.


तुर्भेकर | बुधवार, ०९:३१

हा मुद्दा मान्य. तो निष्काळजीपणाच होता, त्यावर वाद घालणार नाही.


खडूस_काका | बुधवार, ०९:३५

इतिहासात नोंद करा. या संस्थळावर कुणीतरी 'मान्य' म्हणालं.


उणे_चाळीस | बुधवार, १९:५०

दिवसभर कामावर होतो, इकडे बरंच घडलेलं दिसतं.

रानवाटा, तुमच्या मुद्द्याला जोडून गनारचं सांगतो, कारण माझं काम त्याच भागात होतं. गनारची उघडी खाण, म्हणजे जमिनीत खणलेला प्रचंड खड्डा, अगदी अथाबास्का तलावाच्या काठाला. १९६४ मध्ये बंद करताना त्यांनी काय करावं? मधला खडक सुरुंगाने फोडून चर काढला आणि तलावाचं पाणी आत सोडलं. खड्डा भरला, विषय संपला. आणि गिरणीतून निघालेला दळलेला गाळ, सुमारे ४४ लाख टन, तसाच उघड्यावर. त्यावर पाऊस, त्यावर वारा, त्यावर हरणांचे खूर. कंपनी कधीच नाहीशी झालेली.

साफसफाईचा करार केंद्र आणि प्रांत यांच्यात झाला २००६ मध्ये. अंदाज २ कोटी ४६ लाख डॉलर. पुढे आकडा दहापटीच्या वर गेला आणि २०१८ मध्ये प्रांताने केंद्रावर दावा ठोकला की तुमचा अर्धा वाटा द्या. खाणीचं आयुष्य नऊ-दहा वर्षांचं. तिचं उष्टं काढायला त्याहून जास्त वर्षं लागली.

आम्ही गाळावर चालताना हातात किरणोत्सर्ग मोजणारा गॅमा मीटर होता. माती टाकून झाकलेल्या भागावर तो शांत होता, आवाज जवळपास आजूबाजूच्या जंगलाइतकाच. झाकण संपतं तिथे एक पाऊल पुढे टाकलं आणि टकटक एकदम वाढली. दिसायला काहीच फरक नाही. पिवळट वाळू, तिच्यावर कोल्ह्याची की कुत्र्याची पावलं. माझ्याबरोबरचा डेने सहकारी नुसतं म्हणाला, "त्याच्याकडे मीटर नसतो."


निळावंती | बुधवार, २०:१५

बापरे. हे शेवटचं वाक्य.


वाफाळता_चहा | बुधवार, २०:२२

फोटो मागणं बंद करते.


पोहेप्रेमी | बुधवार, २०:४०

एक बाळबोध प्रश्न. खायला काय मिळतं तिथे? भाजी वगैरे?


उणे_चाळीस | बुधवार, २०:५५

पोहेप्रेमी, तुम्हीच खरे भारतीय. मी सास्काटूनहून पोहे, शेंगदाणे, दाण्याची चटणी आणि सहा कांदे घेऊन गेलो होतो. विमानात सामानाचं वजन करतात, सोबत माणसाचंही करतात. काट्यावर उभं राहताना कांद्यांचा पश्चात्ताप झाला. पण तिथे जे काही येतं ते विमानाने किंवा बर्फावरून, भाव त्याप्रमाणे. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या मावशींना पोहे करून घातले. त्यांनी त्यावर तलावातल्या ट्राउट माशाचा धुरी दिलेला तुकडा ठेवला. चांगलं लागतं, रत्नागिरीकरांनी नोंद घ्यावी.

वीज मात्र बिनघोर. कारण ऐकाल तर हसाल: वेलिंग्टन लेकचं जलविद्युत केंद्र १९३९ मध्ये त्या सोन्याच्या बॉक्स खाणीसाठी बांधलं होतं. सोनं १९४२ मध्ये संपलं, युरेनियम १९८२ मध्ये, केंद्र चालूच. युरेनियम सिटीत दिवे लागतात ते पाण्यावर.


चिंधीचोर | बुधवार, २१:०२

'सोन्याची खाण बुडाली, युरेनियमची बुडाली, पाणी तेवढं वाहत राहिलं.' हे कुणीतरी अभंगात बसवा.


हवाई_हमाल | गुरुवार, ००:३०

बरीच वर्षं नुसता वाचक होतो, यासाठी खातं उघडलं. मी सास्काचेवानच्या उत्तरेतल्या एका युरेनियम खाणीत यंत्रदुरुस्तीला आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही.

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या दिनक्रमात आहे. मी सात दिवस खाणीवर, सात दिवस घरी. बायको-मुलं सास्काटूनला. विमान नेतं, विमान आणतं. खाणीवर खोली आहे, खाणावळ आहे (जेवण उत्तम, वजन वाढलंय), जिम आहे. शाळा नाही, दवाखान्याची एक खोली आहे, स्मशान नाही. म्हणजे गाव नाही. रॅबिट लेक, क्लफ लेक, की लेक... १९७५ पासून प्रांतात जेवढ्या युरेनियम खाणी निघाल्या, त्यातल्या एकीसाठीही गाव वसवलं नाही. खाण बंद करायची तर विमानं बंद केली की झालं. कुणाच्या पायऱ्या मागे उरत नाहीत.

बाहेरून पाहिलं तर हे निर्दय वाटेल, मलाही वाटायचं. पण माझ्या पाळीत फाँ-दु-लाक आणि ब्लॅक लेकचे डेने लोक आहेत. खाणीचं विमान त्यांना त्यांच्या गावातून उचलतं आणि तिथेच सोडतं. त्यांना गाव सोडावं लागत नाही. सुट्टीच्या आठवड्यात ते मासे मारतात, मूसच्या शिकारीला जातात. त्यातल्या एकाचे वडील युरेनियम सिटीत कामाला होते. तो म्हणतो, ते गाव दक्षिणेच्या लोकांनी दक्षिणेच्या लोकांसाठी बांधलं होतं, आम्ही त्यात पाहुणे होतो, आमच्याच जमिनीवर. बंद झाल्यावर ते सगळे घरी गेले. आम्ही आधीच घरी होतो.


निळावंती | गुरुवार, ०८:१०

हवाई_हमाल, स्वागत. पहिल्याच प्रतिसादात दंडवत घ्या.

माझं थोडं डळमळलंय, पण एवढं विचारते: सात दिवस बाप घरात नाही, हे तीस वर्षं चालणार. याची किंमत कोण मोजतं? गाव उठलं की दिसतं. हे दिसत नाही इतकंच.


हवाई_हमाल | गुरुवार, ०८:४५

मुलगी सहा वर्षांची आहे. फ्रिजवर कॅलेंडर लावलंय, माझ्या आठवड्यांवर ती विमान काढते. मागच्या महिन्यात एका घरच्या आठवड्यावरही विमान काढलं होतं. चुकून, म्हणाली. तुमचा प्रश्न बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही.


गावगप्पा | गुरुवार, ०९:३०

म्हणजे आता भारतात तिकडून युरेनियम येतं की नाही? सहकार्य थांबलंय ना?


तुर्भेकर | गुरुवार, ०९:५५

गावगप्पा, हा प्रश्न मात्र चांगला विचारलात. पुन्हा सुरू झालं. एप्रिल २०१५ मध्ये ओटावात करार झाला: २०२० पर्यंत ७१ लाख पौंड, म्हणजे सुमारे ३२०० टन. विकणारी कॅमेको. ही कंपनी १९८८ मध्ये बनली, प्रांताची खाणकंपनी आणि आपली ओळखीची एल्डोराडो एकत्र करून. म्हणजे युरेनियम सिटीला टाळं लावणाऱ्या कंपनीच्या वारसाकडूनच आपण माल घेतला. तो आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या भट्ट्यांनाच वापरता येतो, रावतभाटा, काक्रापार वगैरे. काक्रापारच्या विजेत महाराष्ट्राचाही वाटा आहे.


खडूस_काका | गुरुवार, १०:०४

म्हणजे मी इथे पंखा लावून जे भांडतो त्यात हवाई_हमाल यांच्या आठवड्याचे काही पौंड असू शकतात. काय योग.


हवाई_हमाल | गुरुवार, १०:१०

काका, मग जरा जपून भांडा. पाळी माझी वाढते.


मधली_सुट्टी | गुरुवार, ११:२०

धागाकर्ते, एक राहिलं. ते गाव उभं कसं राहिलं? १९५२ मध्ये रस्ता नसताना इतकी घरं आली कुठून?


उणे_चाळीस | गुरुवार, २१:१५

छान आठवण केलीत. बरीचशी गोल्डफील्ड्सहून आली. सोन्याचं गाव ओस पडलं होतंच. हिवाळ्यात तलाव गोठल्यावर घरांखाली लाकडी ओंडक्यांच्या घसरण्या घातल्या, पुढे ट्रॅक्टर जोडला आणि अख्खी घरं बर्फावरून ओढत आणली. बाकीचा बोजा उन्हाळ्यात फोर्ट मॅकमरेच्या बाजूने तराफ्यांवरून अथाबास्का नदीतून, मग तलावातून बुशेलच्या धक्क्यावर. सुरुवातीचे लोक तंबूत राहिले. त्या थंडीत तंबूत. मी तिकडे सप्टेंबरात दोन पायमोजे घालून कुडकुडत होतो.

माझ्या मूळ प्रश्नाबद्दल: भूगर्भांचा रस्ता पटला, निळावंतीच्या नव्या घरांचा मुद्दाही पटला. पण हवाई_हमाल यांच्या सहकाऱ्याचं वाचल्यावर वाटलं की 'गाव मेलं' हे मी दक्षिणेच्या माणसासारखंच म्हणत होतो. तिथे राहिलेत ते बहुतेक मेटिस (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे) आणि डेने. त्यांच्या दृष्टीने गाव आहे. मी पायऱ्या मोजत होतो आणि धुराडी मोजायची विसरलो.

निघायच्या आदल्या रात्री मावशींना विचारलं होतं, सगळे गेले तेव्हा तुम्ही का नाही गेलात? त्या ट्राउट सोलत होत्या. म्हणाल्या, माझ्या आईचं घर गोल्डफील्ड्सहून ओढत आणलं होतं, आत चूल पेटलेली होती आणि आई आत बसून होती, बाहेर उतरायला तयार नव्हती. "एकदा आणलंय एवढं. परत कोण ओढणार?"

मग मला विचारलं, तुझे ते कांदे उरलेत का. दोन उरले होते. ठेवून आलो.


पोहेप्रेमी | गुरुवार, २१:३०

योग्य केलंत.